सार्त्रचा विद्यार्थी आणि सफाई कामगाराचा वारस

अस्तित्ववाद म्हणजे भरल्या पोटाचा कंटाळा, असे आपल्या चळवळीत सर्रास म्हटले जाते. कॉलेजात नापास होत राहणारा, कशातच अर्थ न सापडणारा एक नायक आणि त्याच्या त्या न सापडण्यावर लिहिलेली तीनशे पाने. आपल्या माणसाला त्याचे काय? त्याला पहाटे नळावर नंबर लावायचा असतो, लोकल पकडायची असते, कंत्राटदाराकडून मागच्या महिन्याचा पगार काढायचा असतो. हे मत मी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या कितीतरी बैठकांत ऐकले आहे. बोलणारे कार्यकर्ते प्रामाणिक असतात, म्हणूनच त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो. माझे म्हणणे असे की माणूस आधीच ठरलेला असतो की तो स्वतःला ठरवतो, हा प्रश्न या देशात आपल्याइतका दुसऱ्या कुणाच्याही अंगावर आलेला नाही. ज्या कादंबऱ्या हा प्रश्न विचारतात त्या आपण वाचल्या पाहिजेत, त्यांच्याशी भांडले पाहिजे आणि तशा लिहिल्याही पाहिजेत.

आधी सिद्धान्त काय आहे ते साध्या भाषेत पाहू. ज्याँ पॉल सार्त्रने ऑक्टोबर १९४५ मध्ये पॅरिसमध्ये एक व्याख्यान दिले. त्यात त्याने कागद कापायच्या सुरीचे उदाहरण घेतले. सुरी बनवण्याआधी ती कशासाठी आहे हे कारागिराच्या डोक्यात ठरलेले असते. तिचा उपयोग आधी, तिचे असणे नंतर. माणसाचे तसे नाही, असे सार्त्र म्हणतो. माणूस आधी जन्मतो, असतो, आणि मग आपल्या कृतींतून तो काय आहे हे ठरवत जातो. त्याच्यासाठी कुणी आधी आराखडा काढून ठेवलेला नाही. म्हणून तो स्वतंत्र आहे आणि म्हणूनच तो जबाबदारही आहे.

आता हे वाक्य आपल्या गावात नेऊन बघा. इथे मूल पोटात असतानाच त्याचे काम ठरलेले होते. ते कुठे राहील, कुठल्या पाणवठ्यावर जाईल, कुणाच्या दारात उभे राहील आणि मेलेले ढोर कुणाच्या अंगणातून ओढील, हे सगळे आधी. मूल नंतर. म्हणजे वर्णव्यवस्थेने माणसाची सुरी केली होती. कारागीर कोण, तर ब्रह्मा. आराखडा कुठे, तर पुरुषसूक्तात आणि मनुस्मृतीत. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त हेच सांगितले आहे. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे आणि तिच्यात व्यक्तीच्या आवडीला, निवडीला जागाच नाही, ती पूर्वनियोजनाच्या समजुतीवर उभी आहे, असा त्यांचा मुद्दा आहे. सार्त्रचे व्याख्यान त्यानंतर नऊ वर्षांनी झाले. कोण आधी, याची शर्यत लावण्यासाठी मी हे सांगत नाही. माणसाच्या निवडीचा प्रश्न आपल्याला पॅरिसहून आयात करावा लागलेला नाही, तो आपल्या घरातला आहे, एवढेच मला दाखवायचे आहे.

मराठी साहित्यात हा प्रश्न दोन रूपांत एकाच वर्षी आला, हे फार कमी वेळा एकत्र बोलले जाते. १९६३ साली भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह. मराठीतला अस्तित्ववाद म्हटले की समीक्षक पहिल्या पुस्तकाकडे बोट दाखवतात. दुसरे पुस्तक ते 'दलित साहित्य' या कप्प्यात ठेवतात. माझा आक्षेप या कप्प्यांना आहे.

'कोसला'चा पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला येतो. पैसे उधळतो, नापास होतो आणि शेवटी गावाकडे परततो. त्याचा कंटाळा खोटा नाही. धाकट्या बहिणीच्या मृत्यूने तो आतून फाटतो, ती पाने वाचताना माझ्याही घशात आवंढा आला होता. पण पांडुरंगाच्या निरर्थकतेखाली एक जमीन आहे, शब्दशः जमीन. बाप आहे, बापाचा वाडा आहे, शेती आहे. त्याच्यासाठी समाजाने एक जागा राखून ठेवली आहे आणि ती जागा त्याला नको आहे. नको म्हणण्याची चैन त्याला परवडते, कारण नको म्हणून परत गेले तरी ती जागा तिथेच असते.

बागुलांचा नायक नेमका याच्या विरुद्ध टोकावर उभा आहे. तो गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर रुजू होतो. कवी आहे, माणसाच्या मोठेपणावर त्याचा विश्वास आहे, नव्या देशात आपण नवे होऊ अशी उमेद आहे. त्याला राहायला खोली हवी असते आणि लोकांना त्याची जात. तो सांगत नाही. त्याच्या बोलण्याला, त्याच्या अक्षरांना भुलून सवर्ण माणसे त्याला घरात घेतात, मान देतात. मग जात कळते आणि तीच माणसे त्याला मारतात. सोडवायला येतो तो काशीनाथ, मुंबईचाच, पण जात न लपवता ताठ मानेने वावरणारा. शेवटी मार खाल्लेला नायक दोष त्या माणसांवर न ठेवता मनूवर ठेवतो.

ही कथा मी पहिल्यांदा बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये वाचली. अंबरनाथला गर्दी आत घुसेपर्यंत ती वाचून संपली होती, कल्याणपर्यंत मी पुस्तक मिटून बसलो होतो. पुढे अनेकदा वाचली आणि दर वेळी तिच्या शेवटाशी माझे भांडण होते. नायक म्हणतो ते खरे आहे. हात त्यांचे असले तरी त्या हातांना वळण लावणारा ग्रंथ दोन हजार वर्षांचा आहे. पण मारणारा मनूच असेल, तर लाठी उचलणारा माणूस सुटला की नाही? परंपरेने घडवले, संस्कारच तसे होते, एवढे म्हटले की तो मोकळा. इथे सार्त्र आपल्या कामाला येतो. तो म्हणेल, लाठी जमिनीवर पडलेली होती, ती तुझ्या हाताने उचलली. कुणाच्याही संस्काराने ती तुझ्या हातात आणून ठेवली नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही मनूवर खटला चालवत नाही, हात उचलणाऱ्यावर चालवतो. म्हणजे न्याय मागायचा तर समोरच्याला निवड होती हे आपल्याला गृहीत धरावेच लागते. ज्या दिवशी आपण 'व्यवस्थाच तशी आहे' एवढ्यावर थांबतो, त्या दिवशी आपण आरोपीचे वकीलपत्र घेतलेले असते.

अर्थात युरोपातला अस्तित्ववादही डोळे झाकून घेण्यासारखा नाही. आल्बेर काम्यूची 'परका' १९४२ ची. तिचा नायक म्यूर्सो अल्जीरियाच्या समुद्रकिनाऱ्यावर एका अरबाला गोळ्या घालतो आणि उरलेली कादंबरी म्यूर्सोला जगण्याची निरर्थकता कशी उमगली यावर चालते. मेलेल्या अरबाला साधे नावही नाही. कामेल दाऊद या अल्जीरियन लेखकाने २०१३ साली एक कादंबरी लिहून त्या अरबाला मुसा हे नाव दिले आणि त्याच्या भावाला बोलते केले. मला हे फार महत्त्वाचे वाटते. निरर्थकतेचे तत्त्वज्ञान कुणाला सुचते आणि कुणाचे प्रेत त्या तत्त्वज्ञानाचे निमित्त होते, हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्यालाही आहे. मराठीतल्या कितीतरी 'आधुनिक' कादंबऱ्यांत आपली माणसे याच अरबासारखी येतात. मोलकरीण, गडी, झोपडपट्टीतला आवाज. नायकाला विषण्णता यावी एवढ्यापुरती.

अमेरिकेतला काळा लेखक रिचर्ड राइट तर सार्त्रच्या मित्रवर्तुळातला. त्याच्या 'द आउटसायडर' या १९५३ च्या कादंबरीत क्रॉस डेमन हा शिकागोचा पोस्टातला कामगार आहे. भुयारी रेल्वेचा अपघात होतो, दुसऱ्याच माणसाचे प्रेत त्याचे समजले जाते आणि त्याला संधी मिळते. जुने नाव, जुने नाते, जुने कर्ज सगळे टाकून नवा माणूस व्हायची. तो ती घेतो आणि तिचा शेवट हिंसेत होतो. राइटने दाखवलेली गोष्ट बागुलांच्या कथेच्या शेजारी ठेवा. दोघांचेही नायक जन्माने अंगावर घातलेला सदरा काढून ठेवू पाहतात. एकाला अपघात मदत करतो, दुसऱ्याला मौन. दोघेही फसतात, कारण एकट्याने गुपचूप नवे होता येत नाही. आपण कोण आहोत हे आपल्याबरोबर दुसऱ्यांच्या नजरेतही ठरत असते.

ही नजर आजही संपलेली नाही. आमची तिन्ही शहरे बाहेरून आलेल्यांची आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना ठेवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आजही पत्ता सांगताना आम्ही कॅम्प एक, कॅम्प चार असाच सांगतो. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आली, विम्कोची आगपेट्यांची फॅक्टरी होती, मग एमआयडीसी. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आपली माणसे या कारखान्यांच्या आणि नंतर जीन्सच्या कारखान्यांच्या मागे आली. निर्वासितांनी घर स्वतःहून सोडले नव्हते, त्यांच्यावर ते लादले गेले होते, त्यांचे दुःख लहान नव्हते. पण नव्या शहरात त्यांना कुणी तुमचे आडनाव काय म्हणून खोली नाकारली नाही. आपण गाव सोडले आणि गावकूस आपल्यामागून गाडीत चढले.

बदलापूरला पूर्व-पश्चिमेला इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या तेव्हा मीही भाड्याचे घर शोधत होतो. दलाल फोनवर आधी बजेट विचारायचा, मग आडनाव. माझे आडनाव गावावरून पडलेले, शेवटी 'कर' असलेले. त्यावरून त्याला अंदाज येईना. मग मूळ गाव कुठले, घरी नॉनव्हेज बनते का, आणि शेवटी जरा हसत, 'म्हणजे तुम्ही कोणते?' मी म्हटले, बौद्ध. 'मालकाशी बोलून सांगतो' म्हणाला. फोन आला नाही. असे दोनदा झाले, तिसऱ्यांदा घर मिळाले. बागुलांच्या कथेतला प्रश्न इतक्या वर्षांनी मोबाइलवर आला, फरक एवढाच. मुंबईतल्या ऑफिसांत काम करणारी आपली मुले आजही १४ एप्रिलची रजा कशासाठी हवी हे सांगायचे की नाही, याचा विचार करतात. कुणी 'घरगुती कारण' लिहितो. मी त्याला नावे ठेवत नाही.

सार्त्र कदाचित ठेवेल. ज्यूंच्या प्रश्नावरच्या १९४६ च्या पुस्तकात त्याने अस्सल ज्यू आणि अस्सल नसलेला ज्यू असा भेद केला आणि ओळखीपासून पळणाऱ्याला दुसऱ्या गटात टाकले. आपण वस्तू आहोत, आपल्याला पर्यायच नव्हता, अशी स्वतःची समजूत घालण्याला तो आत्मवंचना म्हणतो. इथे मला बाबासाहेबांचे उदाहरण आठवते. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाल्यावर त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नावाने राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी आले आणि त्यांनी हाकलले. कोलंबियात शिकून आलेला हा तरुण संध्याकाळच्या गाडीची वाट बघत बागेत बसून राहिला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी हे सगळे स्वतः लिहिले आहे, काही न लपवता. आता बाबासाहेबांना आत्मवंचक म्हणायचे का? जिथे खरे बोललास तर छप्पर नाही असा सौदा समोर ठेवलेला असतो, तिथे नाव लपवणे ही आत्मवंचना होत नाही. आत्मवंचना करतो तो 'आम्ही जात मानत नाही' म्हणणारा आणि पुढच्या वाक्यात आडनाव विचारणारा.

पण बाबासाहेब त्या बागेत थांबले नाहीत, हा खरा मुद्दा आहे. लपवणे आणि लादलेले निमूट स्वीकारणे या दोनच वाटा आहेत असे वाटत असताना त्यांनी तिसरी काढली. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला त्यांनी जे जाहीर केले त्याचा आशय आपल्याला पाठ आहे. हिंदू म्हणून जन्मणे माझ्या हाती नव्हते, हिंदू म्हणून न मरणे माझ्या हाती आहे. स्वेच्छेवर लिहिलेल्या जाडजूड ग्रंथांचा गाभा या दोन वाक्यांत आहे. हातात नसलेले आणि हातात असलेले यांच्यामध्ये त्यांनी स्पष्ट रेघ ओढली. अस्तित्ववाद्यांनी पुढे परिस्थितीचे बंधन आणि त्यापलीकडे जाण्याचे स्वातंत्र्य असा जो भेद केला, तो येवल्याच्या सभेत अशिक्षित माणसालाही कळला होता. तिथून नागपूरचा १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस उजाडायला एकवीस वर्षे लागली. निवड म्हणजे क्षणात घेतलेला झटका नव्हे, हेही त्यातून शिकावे.

याच्यावर एक आक्षेप मी ऐकला आहे. लाखो लोकांनी नेत्याच्या शब्दावर धर्म बदलला, यात व्यक्तीची निवड कुठे आली? उत्तर शोधायला मे १९३६ मधले मुंबई इलाखा महार परिषदेतले भाषण वाचा, 'मुक्ती कोन पथे?' या नावाने ते उपलब्ध आहे. शीर्षकच प्रश्न आहे. बाबासाहेब तिथे धर्मांतराच्या बाजूने एकेक कारण मांडतात, शंका घेणाऱ्यांना उत्तरे देतात आणि शेवटी बुद्धाने आनंदाला दिलेल्या उपदेशाची आठवण करून देतात की दुसऱ्याचा आधार न शोधता स्वतःचा दिवा स्वतः व्हा. अनुयायांना असे सांगणारा नेता त्यांची निवड काढून घेत नसतो. आणि नागपूरच्या बावीस प्रतिज्ञा पाहा. त्या प्रथमपुरुषी एकवचनात आहेत. गर्दीत उभ्या असलेल्या प्रत्येकाने 'आम्ही' न म्हणता 'मी' म्हटले. राइटचा नायक आणि बागुलांचा नायक जे एकट्याने, गुपचूप करू पाहत होते आणि फसत होते, ते इथे उघड्या मैदानात, सगळ्यांनी मिळून आणि तरीही एकेकट्याने केले.

हे सगळे पुस्तकी वाटत असेल, तर अंबरनाथच्या आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात काय झाले ते सांगतो. वर्ग विहारात भरतो, पंधरावीस जण येतात. त्या दिवशी मी सार्त्रच्या त्याच व्याख्यानातली विद्यार्थ्याची गोष्ट सांगत होतो. जर्मनांनी फ्रान्स व्यापला तेव्हा एक विद्यार्थी सार्त्रकडे सल्ला मागायला गेला. थोरला भाऊ १९४० च्या लढाईत मारला गेलेला, आई त्याच्यावरच जगत होती. त्याने इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात भरती व्हावे की आईजवळ राहावे? सार्त्रने उत्तर दिले की तू स्वतंत्र आहेस, तूच निवड.

मागे बसलेला एक तरुण म्हणाला, 'दादा, माझंपण असंच आहे.' तो पदवीधर, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा. वडील एका पालिकेत सफाई कामगार, निवृत्तीला आलेले. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. वडिलांनी त्याचे नाव द्यायचे ठरवले होते. कायम नोकरी, ठरलेला पगार. नाही म्हटले तर घर चालणार कसे आणि बहिणीच्या शिक्षणाचे काय? हो म्हटले तर बापाचा झाडू पोराच्या हातात. तो म्हणाला, 'कागदावर लिहिलंय वारसा हक्क. बाकीच्यांना वारशात फ्लॅट मिळतो.'

बागुलांच्या त्याच संग्रहात 'विद्रोह' नावाची कथा आहे. शिकणाऱ्या मुलाने बापाचे सफाईचे काम घ्यावे म्हणून त्याच्यावर दबाव येतो, अशी. आमच्यातल्या अर्ध्या जणांनी ती वाचली होती, सगळे गप्प झाले. मग बोलल्या त्या शाळेत शिकवणाऱ्या एक ताई. त्या म्हणाल्या, 'त्या फ्रेंच पोराला दोन रस्ते होते आणि दोन्ही मानाचे होते. आईची सेवा केली तरी लोक चांगलं म्हणणार, लढायला गेला तरी चांगलं म्हणणार. आपल्या पोराला एका रस्त्यावर उपासमार आणि दुसऱ्यावर अपमान. ह्याला निवड म्हणायचं का?'

ताईंचा हा प्रश्न मला सार्त्रवरच्या अनेक टीकाग्रंथांपेक्षा मोलाचा वाटतो. स्वातंत्र्य आहे की नाही, एवढेच विचारून भागत नाही. कुठल्या पर्यायांमधून निवडायचे आणि ते पर्याय कुणी मांडून ठेवले, हे विचारावे लागते. वारसाला नोकरी देणारा नियम सफाई कामगारांच्या घरांना आधार म्हणून आला आणि त्याने कितीतरी घरे वाचवली, हे विसरता येणार नाही. पण तोच नियम पिढ्यान्पिढ्यांचे काम त्याच घरांत ठेवतो, हेही खरे आहे. कंत्राटी सफाई कामगारांना तर एवढाही आधार नाही, त्यांची माणसे गटारात उतरून मरतात.

दोन तास चर्चा झाली. एक जण म्हणाला, सगळे आधीच ठरलेले असते, भांडून उपयोग काय. दुसरा, खाजगी कंपनीत टीम लीडर असलेला, म्हणाला की सगळे मनावर असते, ठरवले तर कुणीही कलेक्टर होतो. मला दोघांनाही एकच पुस्तक वाचायला द्यावेसे वाटले, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. त्यात बाबासाहेब बुद्धाच्या समकालीन आचार्यांची मते सांगतात. मक्खली गोसाल म्हणे, सगळे नियत आहे, प्रयत्नाने काही बदलत नाही. बुद्धाने हे नाकारले. आणि गेल्या जन्मीच्या कर्माचे फळ म्हणून या जन्मीचे दारिद्र्य, हा सिद्धान्त बाबासाहेबांनी सरळ उडवून लावला. गरिबांच्या अवस्थेची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता यावी, याखेरीज त्या सिद्धान्ताचा दुसरा हेतू दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मला वाटते, 'सगळे मनावर असते' हा आजच्या सेमिनारवाल्यांचा मंत्र त्याच सिद्धान्ताचा चुलतभाऊ आहे. तिथे गेल्या जन्माचे पाप होते, इथे या जन्मीची कमी पडलेली जिद्द. समाज दोन्हीकडे निर्दोष. प्रतीत्यसमुत्पाद याच्या मधून जातो. प्रत्येक गोष्टीला कारणे असतात, म्हणून ती आपोआप बदलत नाही, आणि कारणे असतात म्हणूनच ती बदलता येते.

तो तरुण दोन महिन्यांनी पुन्हा आला. त्याने नोकरी घेतली होती. आईवडिलांकडे आणि बहिणीच्या फीकडे पाहून घेतली, हे त्याने लपवले नाही. म्हणाला, 'दादा, मी विचार करून सही केलीय. पण माझ्या पोराचं नाव ह्या नोकरीला लावायचा अर्ज मी कधी भरणार नाही.' आता तो मुक्त विद्यापीठातून एम.ए. करतो आणि खात्यातल्या कंत्राटी कामगारांना हातमोजे, गमबूट आणि वेळेवर पगार मिळावा म्हणून इतरांबरोबर अर्ज घेऊन फिरतो. त्याचा निर्णय बरोबर की चूक हे मी सांगणार नाही. त्याने तो घेतला, त्याचा अर्थ स्वतः ठरवला आणि जे पर्याय त्याच्यापुढे मांडले गेले त्यांच्याशी तो भांडतो आहे. आपल्या अर्थाने स्वेच्छा म्हणतात ती हीच.

आता कादंबरीकडे. आपल्या साहित्याने आत्मकथनांतून मोठे काम केले. 'बलुतं' १९७८ ला आले, 'उपरा' १९८० ला, 'उचल्या' १९८७ ला. आपल्यावर काय केले गेले याची साक्ष महाराष्ट्राला ऐकावी लागली. पण साक्षीला एक मर्यादा असते. आत्मकथन वाचताना हा माणूस वाचला, शिकला, लिहू लागला हे आपल्याला पहिल्या पानापासून ठाऊक असते. त्याचे निर्णय होऊन गेलेले असतात. कथा-कादंबरीतल्या माणसाचे अजून व्हायचे असतात. तो खोलीच्या दारात उभा असतो, मालकाने जात विचारलेली असते आणि तो काय बोलणार हे आपल्याला माहीत नसते. त्या क्षणी वाचकालाही त्याच्याबरोबर ठरवावे लागते. म्हणून माणसाच्या निवडीचा प्रश्न कल्पित साहित्यात जितका जिवंत होतो तितका भाषणात किंवा लेखात होत नाही, माझ्या या लेखातही नाही.

आणि इथेच आपल्याकडे मोठी पोकळी आहे. वारसा हक्काच्या अर्जावर सही करण्यापूर्वीची रात्र मराठी कादंबरीत किती वेळा आली? जीन्सच्या डायिंगच्या कारखान्यात निळ्या झालेल्या हातांनी रात्री 'मुक्ती कोन पथे?' वाचणारी मुलगी? लग्नाला नाही म्हणणारी, घरच्यांच्या शब्दाखातर हो म्हणणारी आणि दोन्हींत स्वतःला शोधणारी आपली बहीण? दलालाच्या फोनला काय उत्तर द्यावे याचा सराव आरशासमोर करणारा नवरा-बायकोचा जोड? आपल्या वस्तीत हे रोज घडते आणि आपण त्यावर फक्त निषेधाची पोस्ट लिहितो. निषेध हवाच. पण पोस्टमध्ये आपण पीडित असतो किंवा लढवय्ये असतो, मधला गोंधळलेला, घाबरलेला, स्वार्थी, प्रेमळ माणूस त्यात मावत नाही. तो माणूस जोवर आपण लिहीत नाही तोवर दुसरे त्याला बिननावाचा अरब करूनच वापरणार.

म्हणून या तिन्ही शहरांतल्या तरुण कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. महिन्यातून एक रविवार कथेसाठी ठेवा. बागुल वाचा, 'मरण स्वस्त होत आहे' वाचा, 'कोसला'ही वाचा आणि पांडुरंगाशी भांडा. बदलापूरला 'ग्रंथसखा'सारखे वाचनालय उभे राहिले आहे, तिथे जा. आणि मग स्वतः लिहा, चार पाने का होईना. विहारात वाचून दाखवा. पात्राने चुकीचा निर्णय घेतला म्हणून लेखकाला झोडपू नका, त्याने निर्णय घेतला की लेखकाने त्याच्या गळ्यात मारला एवढेच तपासा. ज्या समाजाला हजारो वर्षे सांगितले गेले की तुमचे सगळे आधीच ठरले आहे, त्या समाजातल्या मुलाने 'पुढे काय होईल ते मलाही अजून माहीत नाही' असे म्हणत कथेचे पहिले वाक्य लिहिणे, हेही धम्मक्रांतीचेच काम आहे.

जय भीम.